आधी बहिणीचा आवाज, मग फोनची साफसफाई

वाचकाचं पत्र : मी सांगलीत राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. माझा अँड्रॉइड फोन 64 जीबीचा आहे आणि गेले काही महिने रोज 'स्टोरेज फुल' म्हणतो. फोटो काढायला गेलं की नाही म्हणतो, व्हॉट्सॲप मधेच बंद पडतं. पुण्याचा मुलगा म्हणतो, नवा फोन घे. भाचा म्हणतो, सगळं डिलीट मार. मुलीने 128 जीबीचा टाइप सी पेनड्राइव्ह आणून दिला, तो लावला तर फोन ढिम्म. एका जाहिरातीत 2 टीबीचा पेनड्राइव्ह सहाशे रुपयांत दिसला, तो घ्यावा का? भीती एकच आहे. धाकटी बहीण 2021 मध्ये करोनात गेली. तिचे व्हॉइस मेसेज याच फोनवर आहेत, ते जाता कामा नयेत. बाकी काही गेलं तरी चालेल. म्हणजे नातवाचे व्हिडिओ सोडून. आणि सहलींचे फोटो सोडून.

नमस्कार बाई,

भाच्याच्या हाती तूर्त फोन देऊ नका, आणि तो 2 टीबीवाला, म्हणजे दोन हजार जीबीवाला, पेनड्राइव्ह मागवला नसेल तर मागवूही नका. का ते पुढे सांगतो. मुलीने दिलेला पेनड्राइव्ह तुमच्या कामाला पुरून उरेल. फोनच मुळात 64 जीबीचा, त्यातली पंधरा-वीस जीबी सिस्टिम स्वतःच घेऊन बसते. म्हणजे तुमचा म्हणावा असा ऐवज पंचेचाळीस जीबीच्या फारसा वर जाणार नाही, आणि त्यातला निम्मा तरी तुमचा नसून तुमच्या ग्रुपमधल्या लोकांचा असेल असा माझा अंदाज आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही जे लिहिलंय, ते काम सगळ्यात आधी करायचं. एकदा बोटाला डिलीटची सवय लागली की काय जातंय याकडे लक्ष राहत नाही. बहिणीचे मेसेज आधी दोन ठिकाणी सुखरूप ठेवू, झाडू त्यानंतर हातात घेऊ.

खरं तर त्या मेसेजांनी जागा अडवलेलीच नाही. व्हॉट्सॲपवरचा एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज जेमतेम शे-दोनशे केबीचा असतो. बहिणीचं शंभर मिनिटांचं बोलणं वीसेक एमबीत मावतं, आणि तेवढीच जागा गुलाबाच्या फुलावर दवबिंदू ओघळणारा एक 'शुभ सकाळ' व्हिडिओ खातो. त्यामुळे जागेसाठी व्हॉइस मेसेज काढायचा विचारसुद्धा मनात आणू नका. ते फोनवर राहू द्यात, आपण त्यांच्या प्रती काढतोय.

आधी बहिणीची चॅट उघडा, वर वर जात 2021 पर्यंत पोचा आणि एक-दोन मेसेज वाजवून बघा. लगेच वाजले तर फाइल फोनमध्ये आहे. प्लेच्या जागी खाली वळलेला बाण दिसत असेल तर ती फाइल या फोनमध्ये नाही, मधे कधीतरी फोन बदलताना मागे राहिली असेल. तसं दिसलं तर पुढचं काहीही करायच्या आधी जुना हँडसेट कपाटात पडलाय का ते शोधा.

वाजत असतील तर ते कुठे असतात हे समजून घ्या, कारण गॅलरीत ते कधीच दिसत नाहीत. फोनमधलं फाइल मॅनेजर उघडा. कुणाकडे 'माय फाइल्स' असतं, कुणाकडे 'फाइल्स बाय गूगल'. त्यात इंटर्नल स्टोरेज, मग अँड्रॉइड, मग मीडिया, मग 'कॉम डॉट व्हॉट्सॲप' नावाचा फोल्डर, त्यात व्हॉट्सॲप, परत मीडिया, आणि मग 'व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स'. फोन खूप जुना असेल तर व्हॉट्सॲपचा फोल्डर बाहेरच, पहिल्याच यादीत सापडेल. आत गेल्यावर नुसते आकडे दिसतील : 202116, 202117, 202118. घाबरू नका, पहिले चार आकडे वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. 202117 म्हणजे 2021 चा सतरावा आठवडा, एप्रिलचा उत्तरार्ध. फोल्डर उघडला की पीटीटी या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइली दिसतात, आणि त्या अक्षरांपुढे तारीख असते.

यात एक अडचण आहे. कोण बोललं ते फाइलच्या नावात नसतं. त्या आठवड्यात तुम्हाला आलेले सगळ्यांचे मेसेज आणि तुम्ही स्वतः पाठवलेले, सगळे एकाच फोल्डरात. पाच वर्षांनी तुमच्या नातवाला त्यातून मावशीआजीचा आवाज हुडकायचा म्हटलं तर तो एकेक वाजवत बसणार. म्हणून दोन गोष्टी करा. अख्खा 'व्हॉइस नोट्स' फोल्डर जसाच्या तसा पेनड्राइव्हवर न्याच. शिवाय बहिणीच्या चॅटमध्ये जाऊन तिचे मेसेज दाबून धरून निवडा, वरच्या शेअरच्या चिन्हावर बोट ठेवा आणि गूगल ड्राइव्हवर तिच्या नावाचा फोल्डर करून त्यात टाका. वेळखाऊ काम आहे, मेसेज ऐकत ऐकत होईल त्यामुळे एका बैठकीत उरकायचा हट्ट नको. ड्राइव्हवर फुकटची जागा 15 जीबी मिळते, त्यात हे कुठल्या कुठे मावेल. दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह ॲप उघडून त्यातली फाइल तिथूनच वाजवून बघा. वाजली तर एक प्रत झाली.

व्हॉट्सॲपमध्ये 'एक्स्पोर्ट चॅट' म्हणून सोय आहे, तीही चांगली. मीडियासह एक्स्पोर्ट केलं की बोलण्याची लिखित नोंद आणि फाइली एकत्र मिळतात, कोण कधी बोललं ते कळतं. पण चॅट मोठी असेल तर जुना मीडिया त्यात येईलच असं नाही, आणि ती गाठोडी बांधायलाही फोनमध्ये मोकळी जागा लागते. त्यामुळे तिच्यावर एकटीवर विसंबू नका आणि साफसफाई झाल्यावरच करा.

आता पेनड्राइव्ह लावल्यावर फोन ढिम्म का राहतो ते बघू. पहिली शक्यता इतकी साधी आहे की कुणाला सुचत नाही : फोनचं कव्हर. जाड कव्हरच्या कडेला पेनड्राइव्ह अडतो आणि पिन पूर्ण आत बसत नाही. कव्हर काढून लावा. दुसरी, ओटीजी बंद असणं. फोनला पेनड्राइव्ह वाचायला लावणारी जी सोय, तिचं नाव ओटीजी. ओप्पो, व्हिवो, रियलमीच्या बऱ्याच फोनमध्ये ती सेटिंग्जमध्ये जाऊन हाताने चालू करावी लागते, आणि दहा मिनिटं काही वापर झाला नाही की आपोआप बंद होते. म्हणून कधी दिसतो, कधी दिसत नाही असा खेळ होतो. सेटिंग्ज उघडून वरच्या शोधचौकटीत ओटीजी टाका, असेल तर लगेच सापडेल.

तिसरी शक्यता म्हणजे फॉरमॅट. पेनड्राइव्हवर माहिती मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. 128 जीबीचे पेनड्राइव्ह दुकानातून बहुधा एक्सफॅट पद्धतीचे येतात आणि अलीकडचे फोन ते वाचतात. जुन्या काही फोनना ते जमत नाही. कुणी कॉम्प्युटरवर एनटीएफएस करून दिला असेल तर पुष्कळ अँड्रॉइड फोन तो ओळखत नाहीत. अशा वेळी फोन विचारतो, फॉरमॅट करू का? पेनड्राइव्ह नवा कोरा असेल तर खुशाल हो म्हणा. मात्र पुढे कधी भरलेल्या पेनड्राइव्हबद्दल फोनने हाच प्रश्न विचारला तर नाही म्हणायचं, पेनड्राइव्ह काढायचा आणि मुलाच्या कॉम्प्युटरला लावून बघायचा. हो म्हटलंत की आतलं सगळं पुसलं जातं. फोनने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह बऱ्याचदा फॅट32 होतो आणि त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, कितीही जागा शिल्लक असली तरी. कुणाच्या लग्नाचा अखंड व्हिडिओ फोनवर असेल तर तिथे ही अडचण येईल. बाकी फोटोंना काही फरक पडत नाही. आणि हो, 128 च्या पेनड्राइव्हवर 119 च्या आसपास जागा दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि कॉम्प्युटर 1024 च्या, त्यातला तो फरक आहे.

आता झाडलोट. लोक इथे उलटं करतात : आहे तो सगळा पसारा पेनड्राइव्हवर ओततात आणि मोकळे होतात. मग पेनड्राइव्हवर नातवाचं पहिलं पाऊल आणि संकष्टीच्या शुभेच्छांचे हजार फोटो एकत्र नांदतात, आणि ते पुन्हा उघडून बघायची कुणाला हिंमत होत नाही. कचरा फोनमध्येच वेगळा करा.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' आहे. तुमचा फोन मराठीत असेल तर शब्द जरा वेगळे दिसतील, जागा तीच. तिथे वरच दोन कप्पे दिसतात. एकात अनेकदा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी, दुसऱ्यात 5 एमबीपेक्षा मोठ्या. पहिला कप्पा उघडला की तुम्हाला ओळखीचं सगळं भेटेल : कडुनिंबाच्या पानांनी साखर कशी उतरते, स्वामींचे फोटो, कुठल्या तरी पुलाचा व्हिडिओ. हा कप्पा जवळजवळ डोळे मिटून रिकामा करता येतो. दुसऱ्याकडे मात्र सावकाश बघा, कारण मुलाने पाठवलेले नातवाचे व्हिडिओही मोठेच असतात आणि ते यातच बसलेले असणार. त्याखाली चॅटची यादी आहे, सगळ्यात जास्त जागा खाणारी वर. माझा अंदाज, पहिल्या तिघांत शाळेच्या माजी सहकाऱ्यांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप आणि एखादा भजनी मंडळाचा. तिथे जाऊन ग्रुपनिहाय निवडून काढा. ग्रुप सोडायची गरज नाही, कुणाला कळतही नाही.

'सेंट' नावाचा फोल्डर बहुतेकांना ठाऊक नसतो. गॅलरीतला फोटो तुम्ही व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवलात की त्याची आणखी एक प्रत फोनमध्येच, व्हॉट्सॲप इमेजेसच्या आत 'सेंट'मध्ये पडते. व्हिडिओचंही तसंच. गॅलरी ती दाखवत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं साठत जाते. मूळ फोटो गॅलरीत आहे ना एवढी खात्री केली की फाइल मॅनेजरमधून हा फोल्डर रिकामा करता येतो.

आणि नळ बंद करा, नाहीतर पुसत बसावं लागेल. त्याच 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये 'मीडिया ऑटो डाउनलोड' आहे. मोबाइल डेटा आणि वायफाय, दोन्हीकडच्या सगळ्या खुणा काढून टाका. मग जो फोटो बघावासा वाटेल त्यावर बोट ठेवलं तरच तो उतरेल. 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली की काम झालं असं काहींना वाटतं. तसं नाही; त्याने फोटो गॅलरीत दिसायचे थांबतात, जागा खायचे थांबत नाहीत.

एका बटणापासून मात्र लांब राहा. सेटिंग्जमध्ये ॲपच्या माहितीत 'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर डेटा' शेजारी शेजारी असतात, काही फोनवर दुसऱ्याला 'क्लिअर स्टोरेज' म्हणतात. कॅश, म्हणजे ॲपने तात्पुरत्या साठवलेल्या फाइली, पुसली तर काही बिघडत नाही. व्हॉट्सॲपचा डेटा पुसला तर ते ॲप नव्याने टाकल्यासारखं कोरं होतं, आणि बॅकअप घेतलेला नसेल तर चॅट गेल्या. फोन वेगवान करतो म्हणणारी क्लीनर ॲपं तर टाकूच नका. ती स्वतः जागा खातात, जाहिराती दाखवतात आणि ज्याला हात लावू नये त्याला लावतात.

एवढं झाल्यावर बहुतेकांचा फोन श्वास घ्यायला लागतो. पेनड्राइव्हची खरी पाळी आता येते, तुमच्या स्वतःच्या फोटो-व्हिडिओंसाठी. व्हिडिओंवर आधी लक्ष द्या. साधा फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला 60 ते 130 एमबी घेतो, फोर केवर, म्हणजे त्याहून जास्त बारकाव्याच्या दर्जावर, चित्रीकरण चालू असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. नातवाच्या गॅदरिंगचा एक नाच म्हणजे शेकडो फोटोंची जागा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोर के असेल तर फुल एचडी करून टाका, फोनच्या पडद्यावर तुम्हाला फरक दिसणारसुद्धा नाही.

पेनड्राइव्हवर वर्षाच्या नावाने फोल्डर करा आणि कॅमेऱ्याचे फोटो, म्हणजे डीसीआयएम फोल्डरातला 'कॅमेरा', त्यात एकेका वर्षाचे टाका. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंच्या नावातच तारीख असते, त्यामुळे कॉपी करताना फाइलची तारीख बदलली तरी नावावरून वर्ष कळतं; नावं बदलू नका. फोन तुम्हाला 'कॉपी' आणि 'मूव्ह' असे दोन पर्याय देईल. मूव्ह कधीही वापरू नका. मूव्हमध्ये फाइल इकडून तिकडे गेली की इथली लगेच पुसली जाते, आणि मधे पेनड्राइव्ह हलला, फोन बंद पडला, तर ती फाइल धड इथे नाही, धड तिथे नाही अशी होऊ शकते. कॉपी करायची, तपासायची, मग हाताने डिलीट करायची. कामाला वेळ लागतो हे गृहीत धरा. साधा पेनड्राइव्ह सेकंदाला दहा एमबीच्या आसपास लिहितो. 30 जीबी न्यायला त्या वेगाने पाऊण तास ते तास जाईल. पेनड्राइव्ह लावला की चार्जिंगचं भोक अडतं, म्हणून बॅटरी निम्म्याहून जास्त असताना सुरू करा. पेनड्राइव्ह गरम होतो, ते चालायचंच.

संपलं की पेनड्राइव्ह उपटायचा नाही. वरून खाली बोट ओढलं की सूचनांमध्ये पेनड्राइव्हचं नाव आणि 'इजेक्ट' दिसतं, ते दाबायचं आणि मग काढायचा. परत लावायचा. हे परत लावणं महत्त्वाचं आहे, कारण लगेच बघितलं तर फोन कधी कधी स्वतःच्या लक्षात असलेलंच दाखवतो. आता पेनड्राइव्हवरून फाइली उघडा. फोल्डरमधल्या फाइलींची संख्या आणि आकार फोनमधल्याशी जुळतोय का बघा. चार-पाच फोटो मोठे करून बघा. व्हिडिओ नुसता सुरू होतोय हे पुरेसं नाही, मधे आणि शेवटाकडे सरकवून बघा. अर्धवट उतरलेला व्हिडिओ सुरुवातीला अगदी शहाण्यासारखा चालतो. जमलं तर शेजारच्या कुणाच्या लॅपटॉपवरही एकदा लावा.

मग डिलीट. फोटो डिलीट केल्यावर जागा लगेच वाढली नाही तर घाबरू नका. ते गॅलरीच्या कचरापेटीत, बिनमध्ये जातात आणि साधारण महिनाभर तिथे जागा अडवून बसतात. माझं ऐकाल तर महिनाभर बसू द्यात. तेवढ्यात काही राहून गेलं असं लक्षात आलं तर परत आणता येईल. फोन अगदीच अडला असेल तरच बिन रिकामी करा.

इथे गूगल फोटोजचा एक सापळा आहे आणि त्यात भलेभले अडकतात. त्या ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यात तुमच्या चित्रावर बोट ठेवा आणि बॅकअप चालू आहे का बघा. चालू असेल तर तुमचे फोटो दोन ठिकाणी आहेत, फोनवर आणि गूगलकडे. पण गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केलात तर तो दोन्हीकडून जातो. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्यातच 'फ्री अप स्पेस' आहे, ते वापरायचं. मग फोटो गूगलकडे राहतात, फोनवरचे जातात. अर्थात तिथेही 15 जीबीचीच मर्यादा आहे आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. पूर्वी थोड्या कमी दर्जाचे फोटो अमर्याद ठेवता यायचे, ते 1 जून 2021 पासून बंद झालं. आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्या पंधरातच मोजतात. बहिणीचे मेसेज आपण ड्राइव्हवर ठेवतोय, त्यासाठी तिथे जागा राहील एवढं बघा. फार भरलं असेल तर व्हॉट्सॲपचा व्हिडिओंशिवाय बॅकअप पुरे.

आता 2 टीबीबद्दल. बाई, तुम्ही आयुष्यभर हजेरीपट सांभाळलात. असे पेनड्राइव्ह म्हणजे पटावर दोन हजार नावं आणि वर्गात बत्तीस बाकं. आत चिप असते 16 किंवा 32 जीबीची, आणि तिला नियंत्रित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फेरफार करून फोनला 2 टीबी असल्याचं खोटं सांगितलेलं असतं. सुरुवातीच्या फाइली नीट उतरतात, उघडतात, तुम्ही निर्धास्त होता आणि फोनवरच्या पुसता. चिप भरली की पुढच्या फाइली एक तर हवेत जातात, नाहीतर जुन्यांच्या डोक्यावर लिहिल्या जातात. नावं सगळी दिसत राहतात, आकारही दिसतो, उघडायला गेलं की काहीच नाही. फोन एकदाही तक्रार करत नाही. नावाजलेल्या कंपनीचा 128 चा पेनड्राइव्ह कितीला मिळतो ते दुकानात विचारा, म्हणजे सोळापट जागा सहाशे रुपयांत कुणी देऊ शकेल का याचं उत्तर मिळेल. मुलीने आणलेला पेनड्राइव्हही एकदा मुलाकडून तपासून घ्या. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो पेनड्राइव्ह काठोकाठ भरून, परत वाचून खरी जागा सांगतो. काही टाकायच्या आधी करायचं हे काम.

पेनड्राइव्हवर टाकलं म्हणजे सुटलो असं समजू नका. आतल्या चिपमध्ये माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात साठते आणि वर्षानुवर्षं न लावता ठेवला तर तो भार हळूहळू झिरपतो. त्यात ती बोटाएवढी वस्तू, हरवायला सोपी. सांगलीकरांना हे मी काय सांगायचं; 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि परत 2021 च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांच्या कपाटातल्या अल्बमचं काय झालं ते तुम्ही बघितलं असेल. म्हणून या पेनड्राइव्हवरचं सगळं पुण्याला मुलाच्या कॉम्प्युटरवर किंवा हार्डडिस्कवर उतरवून घ्या. एक प्रत कृष्णेकाठी, एक पुण्याला. पुण्याची प्रत होईपर्यंत नातवाचे व्हिडिओ फोनवरून डिलीट करू नका, बाकीचं करा. आणि पेनड्राइव्ह वर्षातून एक-दोनदा लावून उघडून बघत जा.

हा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात न्यायचा नाही. तिथल्या कॉम्प्युटरवर दिवसभर पंचवीस लोकांचे पेनड्राइव्ह लागतात आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस तिथूनच घरी येतो. प्रिंट काढायला एक छोटा, स्वस्तातला वेगळा ठेवा. पेनड्राइव्हला सहसा कुलूप नसतं, ज्याच्या हाती पडेल तो उघडेल, तेव्हा आधार, पॅन, पासबुकाचे फोटो त्यावर जाऊ देऊ नका. आधार-पॅनसाठी डिजिलॉकर आहे.

राहिला नव्या फोनचा प्रश्न. वरचं सगळं केल्यावर पंधरा जीबीच्या वर जागा मोकळी झाली आणि फोन नीट चालला तर घाई नाही. पण सेटिंग्जमध्ये बघा, तुमच्या फोनला सुरक्षेचे अपडेट शेवटचे कधी आले. दोन-तीन वर्षं आलेच नसतील आणि याच फोनवरून तुम्ही पैसे पाठवत असाल, तर मुलाचं म्हणणं बरोबर आहे; घ्या, आणि 128 जीबीपेक्षा कमी घेऊ नका. फक्त व्हॉट्सॲप नव्या फोनवर नेल्यावर बहिणीची चॅट उघडून 2021 चे मेसेज तिथे वाजतात का ते बघा. तोवर जुना फोन भाच्याला द्यायचा नाही आणि एक्स्चेंजमध्येही नाही.